जाळी की फळ्या

मागच्या अंगणाला कुंपण तारेच्या जाळीचं घालायचं की लाकडी फळ्यांचं, यावरून माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही. मिटवण्याची मला घाईही नाही.

कुंपण चोरांसाठी नव्हतं. आमच्या मागच्या अंगणात चोरण्यासारखं एक शेवग्याचं झाड, कढीपत्ता आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच आहे. कुंपण आबांसाठी होतं. आबा म्हणजे आमचे वडील. जन्म धुळे तालुक्यातल्या खेड्यात गेला, सगळं आयुष्य कपाशीत. आई गेल्यावर वावर विकलं, त्यातून भावानं धुळ्याला फ्लॅट घेतला आणि आबा त्याच्याकडे राहायला गेले. मग आबा विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग दिवस, मग वावर विकल्याचंही विसरले. आता ते माझ्याकडे असतात, जळगावात, असोद्याच्या बाजूला शहर जिथं संपतं तिथल्या कॉलनीत. नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो, रविवारचा येतो. मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते. दिवसा आबांपाशी असोद्याहून एक मावशी येते.

सकाळचा चहा झाला की आबा टोपी घालतात आणि म्हणतात, "वावरमा जास." आणि निघतात. पुढच्या दाराला कडी आहे, पण मागं सगळं उघडं होतं. अंगण, मग पायवाट, मग कोणाची तरी केळीची बाग, आणि बागेच्या पलीकडे हायवे. एकदा मावशी न्हाणीघरात असताना ते असे निघाले. एका ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना परत आणलं. हायवेच्या मधल्या दुभाजकावर उभे होते म्हणे, दोन्हीकडून ट्रक चाललेले, आणि हे हात वर करून ट्रक हाकत होते, जसे वावरात शिरलेले बैल हाकावेत तसे. त्या दिवशी कुंपणाचं ठरलं.

मी कामं यादी करून करते. कुंपणाकडून काय हवं ते लिहून फ्रिजवर लावलं. आबांना चढता येऊ नये. हाताला टोचू नये, म्हणजे काटेरी तार बाद. उन्हाळ्यात वारा अडू नये. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आबा दिसावेत. शेवटचा मुद्दा मागाहून घातला: आबांना पलीकडचं दिसावं. हा मुद्दा घालायचं कारण मी रोज पाहत होते. पुढच्या खोलीत, समोरच्या बंगल्याच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं की आबा तासाभरात उठतात, चिडतात, मावशीला शिव्या देतात. तीच खुर्ची मागं, केळीच्या बागेकडे तोंड करून ठेवली की बसून राहतात. बाग त्यांची नाही, पीकही त्यांचं नाही. पण बाग दिसते आहे, तोवर जग जागेवर आहे.

मग मी दोन्ही गोष्टींची चौकशी केली. लाकडाच्या वखारीत गेले. निलगिरीच्या बल्ल्या, त्यावर चिरलेल्या फळ्या ठोकायच्या. वखारवाला म्हणाला, "दिसायला फस्क्लास, ताई." मी विचारलं, आमच्या काळ्या मातीत बल्ली उभी राहील का? ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात एवढी भेगाळते की भेगेत हात जातो. तो म्हणाला, "तिरकी झाली तर टेकू लावायचा." वाळवीचं विचारलं. म्हणाला, "जळकं ऑइल पाजा." म्हणजे दर वर्षी. आणि मे महिन्यात आमच्याकडच्या उन्हात फळी कशी वळते ते माझ्या घरच्या दारांनी मला दाखवलेलंच होतं. जाळीवाल्याचं काम सरळ होतं. लोखंडी अँगल काँक्रीटमध्ये गाडायचे, त्यावर जाळी ताणायची, एक फाटक, फाटकाला कुलूप. वाळवी नाही, वळणं नाही, वारा मोकळा, सगळं आरपार. मी जाळीवर खूण केली आणि सांगून टाकलं, बोर्डाच्या परीक्षा आटोपल्या की काम सुरू करा.

चूक एवढीच केली, की भावाला फोनवर सांगितलं.

तो पुढच्या रविवारी बायकोला घेऊन धुळ्याहून आला; माझा नवरा नेमका त्या आठवड्यात येऊ शकला नव्हता. आबांसाठी मऊ चप्पल आणली होती, आणि माझ्यासाठी मतं. जाळीचा हातभर तुकडा मी नमुना म्हणून आणून ठेवला होता. तो त्यानं दोन बोटांत धरला.

"ही? अक्का, ही तर खुराड्याला लावतात."

"खुराड्याची बारीक असते. ही कंपन्यांच्या कंपाउंडला असते."

"म्हणजे आबा गोदामात."

भावजय तोवर मागं जाऊन अंगण पाहून आली होती. "पायवाटेनं माणसं जातात हो अक्का. आबा जाळी धरून उभे राहणार, येणारे-जाणारे बघणार. काय म्हणतील? पोरांनी बापाला कोंडवाड्यात घातलं."

हा शब्द तिनं सहज वापरला की ठरवून, मला माहीत नाही. आमच्या घरात तो साधा शब्द नाही. गावातली मोकाट ढोरं धरून कोंडायची ती जागा. आम्ही लहान असताना आबांचा एक बैल दावं तोडून तिथं गेला होता. तो सोडवून आणेपर्यंत आबा जेवले नव्हते. बैलाचा अपमान त्यांना स्वतःचा वाटला होता. भावजयीला हे ठाऊक असायचं कारण नाही. भावाला होतं, आणि तो होकारार्थी मान डोलावत होता.

"कोंडवाड्याला निदान फटी असतात," मी म्हटलं. "तुमच्या फ्लॅटच्या दाराला त्याही नव्हत्या."

धुळ्याला असताना ही दोघं कामाला जाताना आबांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. हे मला त्यांच्याकडून नाही, शेजारणीकडून कळलं होतं. आबा दुपारभर आतून दार वाजवत, म्हणून शेजारणीनं माझा नंबर मिळवून फोन केला होता. मी त्याच आठवड्यात त्यांना घेऊन आले. कुलूप हा विषय मी तोवर त्यांच्या तोंडावर काढला नव्हता. त्या दिवशी काढला.

भावजयीचं तोंड उतरलं. "आम्ही काही हौसेनं नव्हतो लावत. घरात गॅस, वर चौथा मजला, गॅलरी."

"म्हणूनच ते इथं आहेत."

"तू एकटीच त्यांच्या पोटची का गं?" भाऊ उठून उभा राहिला. "लाकडाचं कुंपण केलं तर घरासारखं दिसतं. चार लोकांत बरं दिसतं. जाळी म्हणजे तुरुंग."

"तुला ते बरं दिसायला हवंय. आबांना नुसतं दिसायला हवंय."

आबा तिथंच बसले होते, नवी चप्पल उलटसुलट करून पाहत. ते भावाला म्हणाले, "पाव्हना, चहा लेशी का?" भावानं चहा घेतला नाही. जाताना दारात म्हणाला, "माझाही बाप आहे तो." मी म्हटलं, "मग रोज सकाळी चहानंतर ये, त्यांना वावरात जायचं असतं."

परीक्षा सुरू झाल्या. त्या दिवसांत ऑफिस सोडून जाता येत नाही. आणि नेमकं तेव्हाच मावशीच्या भाचीचं लग्न जामनेरला निघालं. दोन दिवस आबांपाशी कोण, हे मी भावालाच मेसेज करून विचारलं, आणि त्याचा फोन आला. मी येतो म्हणाला. रजा टाकतो म्हणाला. मी त्याचे आभार मानले, हेही इथं लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आले तर गल्लीत फळ्यांचा भुसा पडलेला. मागं गेले. अंगणाच्या कडेनं माणसापेक्षा उंच लाकडी भिंत उभी होती. फळीला फळी चिकटलेली, वर तपकिरी ऑइलपेंट, अजून ओला. धुळ्याच्या कुठल्याशा ओळखीच्या वखारीतून टेम्पो भरून माल आणि सुतार आणले होते. फाटक ठेवलंच नव्हतं. केळीची बाग गेली, पायवाट गेली, वारा गेला. भाऊ शेवग्याखाली उभा राहून मोबाइलवर फोटो काढत होता.

"बघ," तो म्हणाला. "आता घर वाटतं."

आबा भिंतीशी उभे होते. एका टोकापासून तळहात टेकवत चालले होते, हाताला तपकिरी रंग लागलेला, शर्टाला लागलेला. टोकाला पोहोचले की परत फिरायचे. मला पाहून म्हणाले, "बाई, दार कोठे शे?"

मी भावाला त्या वेळी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं उलट जे ऐकवलं तेही नाही. तो त्याच रात्री धुळ्याला निघून गेला. कुंपण तसंच राहिलं, कारण परीक्षा चालू होत्या आणि ते उतरवायला माणूस मिळेना.

पुढचे दिवस वाईट गेले. शेतकऱ्याला चोरापेक्षा एका गोष्टीची जास्त भीती असते: शेजारी रातोरात बांध सरकवेल. आबांच्या डोक्यात आता तेच बसलं. समोर वावर दिसेना, म्हणजे कोणीतरी ते गिळलं. "मना बांध कोनी दाबा?" असं ओरडत ते फळ्यांवर मुठी मारायचे. बोटांची सालं निघाली. जेवण कमी झालं. मावशी एकदा म्हणाली, "ताई, मले नाही जमत हे. मानूस रडते हो दिवसभर." मी तिची समजूत काढली. भावाला फोन करून आबांचा आवाज ऐकवला, फोन तसाच फळ्यांकडे धरून. तो म्हणाला, "होईल सवय." मी म्हटलं, तुमच्याकडच्या दाराची झाली होती का? त्यानं फोन कट केला. दोन दिवसांनी भावजयीचा मेसेज आला, होळीला आम्ही येतोय, आबांना भेटायला. सोबत हात जोडल्याची खूण.

होळी आली. आमच्याकडे होळीच्या लाकडांचा एक जुना कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही, पण गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. होळीच्या आधी गावातली पोरं जे लाकूड उचलतील ते होळीचं. कुंपणाला लावलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, मोडकी खाट, गाडीचं जू, कोणी गाफील राहिला तर दाराची फळीसुद्धा. मालकानं पाहिलं तर त्यानं शिव्या द्याव्यात, पोरांनी हसत पळावं. पण एकदा लाकूड होळीवर गेलं की परत मागायचं नाही. मागणाऱ्याला वर्षभर नावं ठेवतात. आबा पोरवयात या उद्योगात पुढे असत आणि नंतर घरातली जुनी लाकडं मुद्दाम दारात काढून ठेवत. शहरात हे आता राहिलं नाही. कॉलनीतली मुलं दारोदार वर्गणी मागतात आणि लाकूड वखारीतून आणतात.

त्या दिवशी मावशी पुढच्या अंगणात चूल मांडून खापरावर पुरणपोळ्या करत होती. खापराची पोळी हातावर फिरवत मोठी करायची आणि तापल्या मातीच्या उलट्या भांड्यावर टाकायची. त्या वेळी हातातलं सोडून उठता येत नाही. आबा मागं होते. मागं भिंत होती, म्हणून मावशी निर्धास्त होती. मीही होते. शाळेत बसून मी स्वतःला सांगत होते, निदान आज ते जाणार कुठं?

चार वाजता घरी आले. चुलीपाशी मावशी नव्हती. मागं गेले तर भिंतीच्या मधोमध ट्रॅक्टर जाईल एवढी फट. फळ्या उपसलेल्या, खिळे वाकलेले, पलीकडे केळीची बाग ऊन खात उभी. आबांची खुर्ची रिकामी. टोपीही नाही.

मी हायवेकडे पळाले. बागेच्या कडेनं, चप्पल मातीत रुतत होती, ती काढून हातात घेतली. हायवेवर दोन्ही बाजूंना पाहिलं. दुभाजकावर कोणी नव्हतं. पानाच्या टपरीवाल्याला विचारलं, त्यानं म्हाताऱ्याला पाहिलं नव्हतं. ट्रक जात होते. भावाला फोन लावायला मोबाइल काढला आणि परत ठेवला. त्याला काय सांगणार होते? तुझी भिंतही पुरली नाही, हे? तेवढ्यात मावशीचा फोन आला, "ताई, आबा मैदानावर हायेत. या लवकर. पन घाबरू नका."

कॉलनीच्या मैदानावर होळी रचत होते. मधोमध एरंडाची फांदी उभी केलेली, भोवती गोवऱ्या, आणि गोवऱ्यांना टेकून तपकिरी ऑइलपेंटच्या फळ्या. आबा टोपी घालून मुलांच्या मधे उभे होते, हातात काठी, आणि काठीनं दाखवत होते. "आडं नको. उभं धरा. उभं! वारा खालथीन जावाले पाहिजे." कॉलेजात जाणारी मुलं त्यांचं निमूट ऐकत होती.

त्यातला एक मला पाहून पुढे आला. "काकू, आम्ही फक्त एक सैल फळी ओढत होतो, मस्करीत. आजोबांनी आतून लाथ घातली. मग म्हणाले, अशी नही, खालून उचला. सगळ्या त्यांनीच काढून दिल्या. तुम्ही म्हणाल तर आम्ही परत लावून देतो. खरंच."

सगळे माझ्याकडे पाहत होते. फळ्या तिथंच होत्या, एकही जळालेली नव्हती. मला फक्त हो म्हणायचं होतं. उद्या सकाळी भिंत पुन्हा उभी राहिली असती, आबा सुरक्षित राहिले असते आणि फळ्यांवर मुठी मारत बसले असते. आबांनी माझं गप्प राहणं वेगळं घेतलं. ते माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात, चारचौघांत मुलीला समज द्यावी तसं म्हणाले, "होयीले दिधं ते मांगे लेतस नही, बाई." आणि मग, "निवद लई उनी का?"

कितीतरी महिन्यांनी ते माझ्याशी बापासारखं बोलले होते. मी घरी जाऊन पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन आले.

अंधार पडायच्या सुमारास होळी पेटली. ऑइलपेंटमुळे धूर काळा निघाला, पण जाळ चांगला धरला. तेवढ्यात मैदानाच्या कडेला भावाची गाडी थांबली. तो उतरला. आधी आबांना पाहिलं, मग जाळाकडे, मग त्यातल्या तपकिरी रंगाकडे.

"अक्का," तो म्हणाला, "हे तू मुद्दाम केलंस."

"मी शाळेत होते."

"मुलांना पढवलंस तू. आजच बरोबर सुचलं का त्यांना?"

"आबांना विचार. त्यांनी दिल्या. होळीला दिलेलं परत मागतात का ते पण विचार."

भावजय म्हणाली, "एवढं द्वेषानं वागायचं काय कारण होतं हो?" बाजूच्या बायका आमच्याकडे बघू लागल्या. होळीला बोंब मारायची रीत असते, तेवढ्या गोंगाटात आमचं भांडण खपून गेलं. भाऊ जाता जाता म्हणाला, "लाव तुझा कोंडवाडा. मी पाऊल ठेवणार नाही तिथं." नैवेद्याची पोळी त्यानं घेतली नाही. आबांनी घेतली, आणि त्याच्या वाट्याचीही खाल्ली.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी जाळीवाल्याला बोलावलं. अँगल उभे राहिले, काँक्रीट वाळलं, जाळी ताणली गेली. फाटक केलं, कुलूप लावलं. त्यातून बाग दिसते, पायवाट दिसते, शेळ्या घेऊन जाणाऱ्या बाया दिसतात. आबा सकाळी टोपी घालून जाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात, काठीनं अँगल ठोकून पाहतात, खालून ढोर शिरेल अशी जागा राहिली का ते वाकून बघतात. त्यांच्या लेखी ते आत कोंडलेले नाहीत. बाहेरचं आत येऊ नये म्हणून राखण करताहेत. पायवाटेवरची माणसं त्यांना रामराम करतात. तुरुंग म्हणायचा तर म्हणा. सोललेली बोटं भरून आली.

पण सगळे दिवस सारखे नसतात. काही सकाळी ते फाटकाशी थांबतात, कुलूप हातात धरतात आणि मागतात, "किल्ली दे." आज नाही आबा, उद्या जाऊ, असं सांगितलं तरी ते ऐकत नाहीत. आवाज चढतो, जाळी हलवायला लागतात. अशाच एका सकाळी मला शाळेला उशीर होत होता, डबा भरायचा राहिला होता, आणि मी ओरडले, "किल्ली तुमच्या पोराकडे आहे! धुळ्याला!"

आबा थांबले. कुलूप सोडलं. मुलाला एक सणसणीत शिवी दिली, आणि शांतपणे खुर्चीत जाऊन बसले. तेव्हापासून मी तेच सांगते. मावशीलाही सांगून ठेवलं आहे. किल्ली माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असते, पण या घरात ती धुळ्याला आहे. ते तक्रारीत समाधानी राहतात. कोणाच्या तरी निष्काळजीपणामुळे वावरात जायचं राहिलं, हे कोणत्याही शेतकऱ्याला पटण्यासारखं कारण आहे.

पाऊल ठेवणार नाही म्हणालेला भाऊ पावसाळ्याआधी आला. घरात न येता बाजूच्या बोळाच्या दाराची बाहेरची कडी काढून सरळ मागं गेला. मी दोरीवर कपडे घालत होते. मी या म्हटलं नाही, त्यानं काही विचारलं नाही. जाळीला हात लावून ताण पाहिला. आबा उठून त्याच्यापाशी आले. या वेळी पाहुणा म्हणाले नाहीत. ओळखलं. त्याच्या शर्टाच्या खिशाकडे पाहत त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली लई उना का?"

भावाला कळेना. मग त्यानं फाटकाच्या कुलपाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी चादर झटकली आणि दोरीवर टाकली. माझी पर्स स्वयंपाकघराच्या खिडकीत दिसत होती. त्यानं मला खोटं पाडलं असतं तर आबांनी पुन्हा जाळी हलवायला सुरुवात केली असती, आणि त्या दिवशी त्यांना त्यालाच आवरावं लागलं असतं.

आबांचा हात तसाच पुढे होता. भावानं दोन्ही खिसे चाचपले. पँटचेही चाचपले.

"विसरलो आबा," तो म्हणाला. "धुळ्यालाच राहिली."

"तुनं कव्हयबी असंच," आबा म्हणाले, आणि काठी घेऊन अँगल ठोकत पलीकडच्या टोकाला निघाले.

भाऊ आला त्याच बोळातून परत गेला. मी चहाचं विचारलं नाही.